आबांच्या उजव्या डोळ्यातलं भिंग

डोळ्यात थेंब घालून घालून अंगठा दुखतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण माझा दुखायचा. दिवसातून चार वेळा आबांना खाटेवर उताणं झोपवायचं, खालची पापणी ओढायची, बाटली दाबायची, एक थेंब. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी आणि संध्याकाळी घरात पाय टाकल्या टाकल्या, चपला काढायच्याही आधी. दुपारचे थेंब आई घालायची, त्यातले निम्मे गालावर जायचे. ऐंशी सालाच्या मागेपुढे आम्ही मुंबईतली खोली सोडून वाशीला सरकारी सोडतीत लागलेल्या घरात राहायला आलो होतो. लोकांना नव्या घराचं काय काय आठवतं, हवा, उजेड, खाडीवरचा वारा. मला फडताळातल्या डोळ्याच्या बाटल्या आठवतात, आणि त्यांची टोपणं सारखी कॉटखाली जायची ते.

घरात आम्ही तिघं. आबा गोदीतून निवृत्त झालेले, आई, आणि मी. मी तेव्हा तिशीला आले होते, लग्न जमत नव्हतं आणि खरं सांगायचं तर जमवायला वेळही नव्हता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत मी टायपिस्ट होते. दिवसभर इंग्रजी पत्रं बडवायची, संध्याकाळी घरी येऊन आबांचा डोळा. सुट्टीच्या दिवशी पुन्हा डोळाच. वैताग यायचा, आणि वैताग आला म्हणून मग स्वतःचाच राग यायचा.

आम्ही कोकणातले बौद्ध. पावसाळ्यात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्यात वर्षावास असतो. रोज संध्याकाळी वस्तीतली माणसं एकत्र जमतात, आधी त्रिशरण-पंचशील होतं, मग ग्रंथाचं वाचन. जो वाचायला बसतो तोच पाच शीलं सांगतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. मुंबईच्या चाळीत कितीतरी वर्षं हे काम आबांकडे होतं. शिक्षण सातवी, पण वाचायला बसले की चाळीतला रेडिओसुद्धा कुणीतरी उठून बंद करायचं. आबांना त्याचा केवढा अभिमान! तोंडानं कधी बोलायचे नाहीत, पण वर्षावास आला की सदऱ्याला इस्त्री आपली आपण करायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत.

वाशीला आमच्या लोकांनी पत्र्याची शेड उभी केली. पहिल्या वर्षावासाला आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरं पुसट दिसायची, मग आठवेल तसं म्हणायचे, मग थांबायचे. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच ग्रंथ दुसऱ्याच्या हातात दिला. तो बिचारा वाचायचा, पण जोडाक्षर आलं की धाप लागल्यासारखा थांबायचा, आणि आबा मागच्या रांगेत मान खाली घालून बसायचे. आश्विन पौर्णिमेला घरी येताना ते मला म्हणाले, पुढच्या आषाढीला मला तिथं बसायचंय, काय करायचं ते कर. आबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते एवढंच.

तेव्हा मोतीबिंदू काढला की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा. पण मुंबईतल्या एका इस्पितळात एक मोठे डॉक्टर नवीनच काहीतरी करत होते, डोळ्याच्या आत भिंग बसवायचं, मग साध्या चष्म्यानं वाचता येतं. मी रजा टाकून तिथं चार खेपा घातल्या. शेवटी दिवाळीनंतर आबांच्या उजव्या डोळ्यात भिंग बसलं. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. हे भिंग बाहुलीच्या कडेला चिमट्यासारखं अडकवलेलं असतं. बाहुली लहान राहिली तर ते जागेवर राहणार, बाहुली मोठी झाली तर चिमटा सुटणार. म्हणून बाहुली लहान ठेवायचे थेंब रोज घालायचे, आणि बाहुली मोठी करणारे थेंब जन्मात कधी घालायचे नाहीत. तसं इंग्रजीत, त्या थेंबांच्या नावांसकट, छापलेलं एक पिवळं कार्ड त्यांनी दिलं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. मी कार्ड वाचलं, दोनदा वाचलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

महिन्याभरात आबा वाचायला लागले. आधी पेपरचे मथळे, मग आतला मजकूर, मग किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. खिडकीत उभे राहून समोरच्या बसवरची पाटी वाचून दाखवायचे. आई म्हणायची, पुरे झालं, दृष्ट लागेल.

माघात आमच्या कंपनीनं तळवलीच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर ठेवलं. असल्या कामाला ऑफिसातल्या बायकांना धरायचं हा आमच्या साहेबांचा नेम. रविवार गेला म्हणून मी आधीच चिडलेली. आबांना कळलं तर तेही निघाले. म्हणाले, लोकं डोळ्याला हात लावू देत नाहीत, मी जाऊन माझा डोळा दाखवतो. मी म्हटलं, आबा, तुम्ही काय जाहिरात आहात का? पण इस्त्रीचा सदरा अंगात चढलासुद्धा होता.

शाळेच्या पडवीत म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसलेली. शिबिराचे डॉक्टर तरुण होते, आत खुर्चीवर तपासत होते, आणि त्यांनी मला एक बाटली दिली. आत पाठवायच्या आधी प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांत एक एक थेंब, दहा मिनिटांनी परत एक. कशाचे थेंब ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाटलीवर लांबलचक इंग्रजी नाव होतं. मी दिवसभर असलीच नावं टाइप करायची, त्यांचा अर्थ लावायची सवय मला नव्हती.

पण थेंब घालून घ्यायला कुणी पुढे येईना. मागच्या वेळी कुणाच्या तरी डोळ्यात असंच काही घातलं आणि तो दिवसभर आंधळ्यासारखा चाचपडत होता, अशी कुजबुज पसरलेली. आबा त्यांच्यात जाऊन बसले, आपला डोळा दाखवला, शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं लांबून वाचून दाखवलं. एक म्हातारी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आदी तुमच्या डोल्यान घाला, मंग आमी बसताव."

बरोबरच होतं तिचं. आबा उठून माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान वर केली.

मी डाव्या डोळ्यात थेंब घातला.

"दोन्हींत घाल, बाय," आबा म्हणाले. "नायतर म्हणतील, चांगला डोळा तेवढा राखला."

मी घातला. दहा मिनिटांनी परत घातला. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कार्डावरचं वाक्य मला पाठ होतं. पण त्या उन्हात, त्या रांगेसमोर, हातात बाटली आणि डोक्यात उरलेली पन्नास माणसं, ते वाक्य मला आठवलंच नाही. रोज आबांच्या डोळ्यात थेंब घालणारा हात होता, त्यानं आणखी एक घातला. इतकंच झालं.

आबांचं बघून एकेक जण स्टुलावर यायला लागलं. ती म्हातारी पहिली आली. दुपारपर्यंत सगळी रांग संपली, तरुण डॉक्टर खूश, आमचे साहेब खूश. आबा पडवीत डोळे मिटून बसून होते. मला वाटलं दमले असतील. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकदा एक डोळा झाकून बघितलं, एकदा दुसरा, आणि मग शांतपणे मला सांगितलं की उजव्या डोळ्याला अकरा वाजल्यापासून काही दिसत नाही, आणि ठणकतंय. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात? तर म्हणाले, तेव्हा बोललो असतो तर ती माणसं उठून गेली असती.

बस कोपरखैरणेच्या पुढे असताना मला पिवळं कार्ड आठवलं, आणि बाटलीवरचं ते लांबलचक नाव त्यावर होतं तेही. मी आबांना सांगितलं, तिथल्या तिथं, बसमध्ये, की चूक माझी आहे, ते थेंब बाहुली मोठी करायचे होते. ते माझ्या मांडीवर हात ठेवून बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुंबईच्या इस्पितळात. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि त्यांचा चेहराच उतरला. भिंग निसटलं होतं. बिचाऱ्यांनी केवढ्या हौसेनं बसवलेलं, प्रत्येक खेपेला दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आबांचा डोळा दाखवायचे. त्यांनी विचारलं, बाहुली मोठी करायचे थेंब कुणी घातले?

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "मीच घातले. घरात जुनी बाटली होती."

"कार्ड दिलं होतं ना तुम्हाला? काय लिहिलंय त्यावर?"

"इंग्रजी आहे ते."

"घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही?"

"नाही," आबा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. कार्ड माझ्या हातात होतं. डॉक्टर मग खूप बोलले. अडाणीपणा म्हणाले, आम्ही मरमर करायची आणि तुम्ही घरात डॉक्टरकी करून वाट लावायची म्हणाले. व्हरांड्यातली माणसं दारातून डोकावून बघत होती. आबांनी ते सगळं हात जोडून ऐकून घेतलं. ज्या माणसासमोर चाळीत रेडिओ बंद व्हायचा तो माणूस. आणि मी एक शब्द बोलले नाही. भीती वाटली, लाज वाटली, आता बोलले तर आबा खोटे पडतील असंही वाटलं. कारणं खूप आहेत, पण मी बोलले नाही हे खरं.

दोन दिवस आबांना उताणं झोपवून, बाहुली मोठी-लहान करून भिंग जागेवर येतंय का ते बघितलं. नाही आलं. ते पुढे सरकून बुबुळाला आतून घासत होतं. शेवटी पुन्हा ऑपरेशन करून काढून टाकलं. मग बुबुळावर धुकं आलं, मग डोळ्यातला दाब वाढला, मग रात्रंदिवस पाणी. एक बरं होतंय म्हणेपर्यंत दुसरं. थेंबांच्या बाटल्या एकाच्या चार झाल्या. दर आठवड्याला खाडीपूल ओलांडून इस्पितळ, तिथल्या बाकावर तीन तास, आत तीन मिनिटं, मग परत. माझी रजा संपली, मग बिनपगारी झाली. बसमध्ये मी उभ्या उभ्या झोपायची. आबा खिडकीशी बसून विचारायचे, कुठं आलो गं? आणि मी खेकसायची, कुठं येणार, मानखुर्द.

आईला त्यांनी तीच गोष्ट सांगितली होती, जुन्या बाटलीची. शिबिरात थेंब सगळ्यांनाच घातले, बाकी कुणाला काही झालं नाही, तेव्हा तिकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. आई येईल त्याला सांगायची, म्हातारपणी ह्यांना डॉक्टर व्हायची हौस आली. शेजारणी हसायच्या. आबाही थोडं हसायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

मला एकच ध्यास लागला होता, आषाढी. आबांनी तिथं बसून वाचलं की फिटलं, असा मी मनाशी हिशेब केला होता. धुकं हळूहळू कमी झालं. वैशाखात जाड चष्मा आला, तोच, सोडावॉटरच्या बुडाचा. एवढं सगळं करून शेवटी तोच! सुरुवातीला त्यांना पायरी कुठं आहे ते कळायचं नाही, चहाचा कप धरायला जायचे तर हात पुढेच जायचा. पण ज्येष्ठात एका सकाळी मी आंघोळ करून आले तर आबा पेपर नाकाला लावून वाचत होते. मोठ्यानं. अडखळत नव्हते. मी ओल्या केसांनी तिथंच खाली बसले आणि रडले.

आषाढीच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करायला काढली. ते म्हणाले, ठेव ती, मी बसणार नाही, वस्तीत तसं सांगितलंय.

माझं डोकंच फिरलं. सहा महिने मी काय खस्ता काढल्या ते सगळं मी त्यांच्यासमोर ओतलं. रजा, बस, बाकडं, थेंब. वाचता येतंय ना तुम्हाला, मी म्हटलं, काल पेपर वाचलात ना, मग आता कसली नाटकं? लोक काय म्हणतील, डोळा गेला म्हणतील.

"म्हणू देत," आबा म्हणाले. "त्यांना मी तेच सांगितलंय."

मग त्यांनी मला जवळ बसवलं. आई बाहेर गेली होती. ते म्हणाले, तिथं बसलं की पाच शीलं द्यावी लागतात. चौथं खोटं न बोलण्याचं आहे. मी डॉक्टरला खोटं सांगितलं, तुझ्या आईला सांगितलं, सगळ्या वस्तीला सांगितलं. आता डोळ्याचंही सांगतोय.

मी म्हटलं, एक चूक झाली, माणूस आहे, पुन्हा नाही बोलणार म्हणायचं आणि पुढे जायचं. शील त्यासाठीच असतं ना?

"तेच तर म्हणता येत नाही, बाय. डॉक्टरनं उद्या परत विचारलं तर मी परत तेच सांगणार. मग ते घेऊ कसं, आणि दुसऱ्याला देऊ कसं?"

"मग मी सांगते. मी जाते डॉक्टरांकडे."

"सांग," ते म्हणाले. "मी कुठं अडवलंय?"

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. खरंच त्यांनी मला कधी अडवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी ठरवून गेले. बाकावर बसल्या बसल्या वाक्यं जुळवली. आत गेल्यावर डॉक्टरांनी डोळा बघितला, बरं आहे म्हणाले, आबांच्या खांद्यावर थाप मारली आणि मला बजावलं, आजोबांच्या हातात बाटली देऊ नका हं. मी हो म्हटलं. फाइल उचलली आणि आम्ही बाहेर आलो. आबा जिन्याचा कठडा चाचपत होते, मी त्यांचा हात धरला.

त्या वर्षी वाचायला कुणी मिळेना. गेल्या वर्षीचा तो जोडाक्षरवाला गावी गेला होता. वस्तीतली चार माणसं आमच्या घरी आली आणि म्हणाली, ताई शिकलेली आहे, आवाज आहे, तिला बसू दे. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर काय सांगणार? मी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. आई म्हणाली, ठरवायचं काय त्यात, मानाचं काम आहे. आणि मग मी हो म्हटलं.

शेडमध्ये चाळीसेक माणसं होती. आबा पहिल्या रांगेत मांडी घालून, हात जोडून. मी पहिलं शील म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. दुसरं, तिसरं. त्या सगळ्या आवाजांत मला आबांचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मी चौथं म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. आबांनी म्हटलं नाही. जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत, तोंड मिटून बसले होते. पाचव्याला परत सगळ्यांबरोबर म्हणायला लागले.

तीन महिने रोज असंच. शेजारच्या कुणाच्या ते कधी ध्यानात आलं नाही. मी मात्र पाचच्या पाच शीलं रोज म्हटली, मोठ्यानं, कुठं न अडखळता.